भोवऱ्याची परीक्षा

लिटरमागे दोन किलोमीटर जास्त मिळतील असं कुणी सांगितलं, की शहाण्यातला शहाणा माणूसही घटकाभर लहान मूल होतो. मी झालो होतो, म्हणून सांगतो.

माझं सीटकव्हर शिवण्याचं दुकान आणि भाऊजींचं गॅरेज यांच्यामध्ये एक पत्र्याची भिंत आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाकी रस्ता त्यांना मिस्त्री म्हणतो. भिंतीला एक फट आहे आणि शिलाई मशीनवर बसलं की ती बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येते. ती मी पाडलेली नाही. बुजवलेलीही नाही.

भाऊजींना शोध लावायची खोड जुनी. एकदा त्यांनी हॉर्न ऐकून आपोआप उघडणारं फाटक केलं होतं. ते फार हुशार निघालं. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक हॉर्नला उघडू लागलं, आणि दिवसभर उघडमीट करून चौथ्या दिवशी बिजागरीतून निखळलं. असल्या प्रत्येक प्रकरणानंतर ताई एवढंच म्हणायची, "झालं? आता जेवायला चला." पण भोवरा केला तेव्हा तीसुद्धा जेवायला बोलवायचं विसरली.

भोवरा म्हणजे मुठीत मावेल एवढं पितळेचं कडं. आत सहा पाती, एका बाजूला वाकवलेली. इंजिन पेट्रोल पितं तशी हवाही पितं, आणि ती हवा ज्या नळीतून आत जाते त्या नळीत हे कडं बसवायचं. सरळ आलेली हवा आळशी असते, असं भाऊजींचं म्हणणं. तिला गिरकी दिली की ती पेट्रोलमध्ये नीट मिसळते आणि थेंबन् थेंब कामाला लागतो. हे सांगताना ते हवेत बोट असं फिरवायचे की ऐकणाऱ्याला आपणच मिसळलो जातोय असं वाटावं.

पहिल्या आठ गाड्यांना भोवरा बसला आणि आठही गाड्यांचं ॲव्हरेज वाढलं. लिटरला दहा देणारी बारा देऊ लागली, अकरावाली तेरावर गेली. टॅक्सी स्टँडवरची माणसं सहसा एकमेकांना वेळसुद्धा खरी सांगत नाहीत. पण भोवऱ्याबद्दल सगळे एका सुरात बोलू लागले. गावातले एक कारखानदार स्टोव्हचे बर्नर बनवतात. त्यांच्या कानावर हे गेलं. त्यांनी स्वतःच्या गाडीला भोवरा बसवून घेतला, महिनाभर पाहिलं, आणि मग एक दिवस ते खुर्ची पुसून न घेता गॅरेजमध्ये बसले. मोठा माणूस खुर्ची न पुसता बसला की समजावं, त्याला काहीतरी मनापासून हवं आहे.

त्यांना भोवरा हवा होता. पहिल्या खेपेला पाच हजार नग. पत्र्याच्या डबीत एकेक, डबीवर भाऊजींचं नाव. भाऊजींनी गॅरेज बंद करून कारखान्यात यायचं आणि भोवऱ्याचा विभाग सांभाळायचा. सही महिनाअखेरच्या शनिवारी. गॅरेजची शेड भाड्याची होती. शेडमालकालाही शनिवारीच कळवायचं होतं, ठेवतोय की सोडतोय.

भाऊजी त्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसले आणि हातातली कापडाची चिंधी दुमडत, उलगडत राहिले. म्हणाले, "बावीस वर्षं दुसऱ्यांच्या डोक्यातून निघालेल्या वस्तू दुरुस्त केल्या रे. एक तरी माझ्या डोक्यातून निघालेली असावी." मी लगेच होकार भरला. माझ्या होकारात स्वार्थ नव्हता असं नाही. या रस्त्यावरची भोवऱ्याची विक्री माझ्या दुकानातून व्हावी असं मी आधीच सुचवून ठेवलं होतं, आणि काउंटरवर त्यासाठी एक फळी रिकामीही केली होती.

या सगळ्यात मोडता घातला तो आईनं. माझी आई, म्हणजे भाऊजींच्या सासूबाई. तिनं एकतीस वर्षं इस्पितळाच्या औषधखिडकीवर कंपाउंडर म्हणून काढली. ताईनं तिला सहज विचारलं होतं, की आई, तुला काय वाटतं, सही करावी ना? दुसरं कुणी असतं तर जावयाच्या कौतुकात दोन वाक्यं बोलून मोकळं झालं असतं. आई म्हणाली, माणसं बरी होताना मी हजारांनी पाहिली. कशानं बरी झाली ते मात्र दर वेळी कळलं असं नाही.

मग तिनं एक जुनी गोष्ट सांगितली. इस्पितळात एकदा नव्या औषधाची परीक्षा होती. वीस रोग्यांना खरी गोळी, वीस रोग्यांना नुसत्या पिठाची. दिसायला, चवीला, वजनाला सारखी. कुणाला काय दिलं ते एकटी आई जाणून होती. पिठाच्या वीसांतले नऊ ठणठणीत झाले. त्यातला एकजण तर पुढच्या महिन्यात बायकोला घेऊन आला, की हिलाही त्याच गोळ्या द्या, दुसऱ्या मानवत नाहीत.

आम्ही हसलो. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी आईला विचारलं, "म्हणजे माझा भोवरा पिठाचा आहे म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही, जावईबापू. मला माहीत नाही. तुम्हाला तरी माहीत आहे का?"

सासूनं असा प्रश्न विचारल्यावर जावई काय काय करू शकतो, याची मनातल्या मनात मी यादी केली. त्यांनी यादीतलं काहीच केलं नाही. ते म्हणाले, "नाही. घ्या परीक्षा." आणि त्याच पावली, भोवऱ्याची कडी घडवून देणाऱ्या लेथवाल्याकडे बारा कडी सांगायला गेले. या माणसाच्या फाटकाला मी आयुष्यभर हसत आलो. त्या संध्याकाळी त्यांच्या पाठमोऱ्या चालीकडे पाहताना हसू आलं नाही.

परीक्षा आईनं आखली. बारा नव्या गाड्या, सगळ्या त्याच स्टँडवरच्या. प्रत्येकाची टाकी एकाच पंपावर काठोकाठ भरायची, गाडी रोजच्यासारखी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची, आणि किती किलोमीटरला किती लिटर लागलं ते मांडायचं. असं भोवऱ्याआधी दोनदा, भोवऱ्यानंतर दोनदा. आणि बारांपैकी सहा भोवऱ्यांतली पाती लेथवाल्यानं उपटून टाकायची. दोन्ही तोंडांना बारीक जाळी लावायची, म्हणजे आतलं दिसणार नाही. रिकाम्यात पितळेचा तुकडा डकवून वजन सारखं करायचं, कारण भाऊजींच्या हाताला ग्रॅमचाही फरक कळतो. कड्यांवर एक ते बारा आकडे. कोणत्या आकड्यात पाती आहेत त्याची यादी आईच्या कपाटात.

लेथवाल्यानं वजनासाठी तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला तो मला म्हणाला, "तुमच्या आई औषध सोडून सोन्याच्या धंद्यात गेल्या असत्या तर सोनाराला उपाशी मारलं असतं."

बारा ड्रायव्हर गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. त्यांतला बारावा होता घाईकाका. हा गृहस्थ गाडी चालवत नाही, हाकलतो. लाल दिवा त्याला स्वतःचा अपमान वाटतो. मी त्याला मुद्दामच घेतला, कारण माझ्या मनात एक शंका होती: भोवरा बसला म्हणून बाकीचे लोक हौसेनं हळू चालवत असतील आणि ॲव्हरेज त्यानंच वाढत असेल. घाईकाका कशासाठीही हळू चालवणार नव्हता. सासऱ्याला दवाखान्यात नेतानाही त्याला दंड झालेला आहे.

दहा दिवसांत बाराही गाड्यांना कडी बसली. कोणती भरलेली, कोणती पोकळ, ते बसवणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि बसवून घेणाऱ्यालाही. ड्रायव्हरांना मात्र सगळं समजू लागलं. एकाची गाडी चढावर हलकी झाली. एकाच्या इंजिनाचा आवाज गोड झाला. घाईकाका म्हणाला, तिसरा गिअर टाकला की मागून कुणीतरी ढकलतंय असं वाटतं. आणि मग विचार करून म्हणाला, कुणीतरी भलं माणूस.

शनिवारच्या आधीच्या रविवारी आमच्या घरी निकाल लागला. आई, ताई, भाऊजी, मी आणि लेथवाला, पाच जण टेबलाभोवती. मी आकडे मांडून आणले होते. बाराच्या बारा गाड्यांचं ॲव्हरेज वाढलं होतं. भाऊजींचा चेहरा उजळला आणि ताईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग आईनं कपाटातून यादी आणली, चष्मा लावला आणि शांतपणे आकड्यांचे दोन गट पाडले.

पातीवाल्या सहा गाड्या लिटरला सरासरी दोन किलोमीटरनं वाढल्या होत्या. पोकळ सहा दोन पूर्णांक एकनं. सगळ्यांत जास्त वाढलेली गाडी, नऊवरून बारावर गेलेली, होती सात नंबरच्या कड्याची. म्हणजे घाईकाकाची. म्हणजे पोकळ.

यादीत चूक झाली असेल, असं भाऊजी म्हणाले. आईनं वाद घातला नाही. लेथवाला जाऊन घाईकाकाच्या गाडीतून कडं काढून घेऊन आला, मागोमाग घाईकाकाची ओरड ऐकू येत होतीच. टेबलावर जाळी कापली. आत पितळेचा एक ठोकळा आणि बाकी मोकळी हवा.

 मला माझी रिकामी फळी दिसू लागली. मग भाऊजी बोलले, आणि जे बोलले ते स्वतःच्या दुःखाचं नव्हतं. "पण मग वाढलं कशानं?"

हळू चालवल्यानं म्हणावं तर सगळ्यांत जास्त वाढली होती ती घाईकाकाचीच. आईनं विचारलं, "भोवरा बसवायला किती वेळ लागतो, जावईबापू?"

"दहा मिनिटं."

इथं मला फटीची कबुली द्यावी लागली. मी म्हणालो, "भाऊजी, तुमच्याकडे भोवऱ्याला आलेली गाडी दोन तास हलत नाही."

"ते बसवणं नाही. ते आधीचं."

"आधीचं म्हणजे काय?" आईनं विचारलं.

भाऊजी अवघडले. सकाळी उठून दात कसे घासता असं कुणी विचारावं तसे. मग एकेक बाहेर येऊ लागलं. काही विशेष नाही, नळी उघडलीच आहे तर हवेचा फिल्टर झाडायचा. प्लग काढून घासायचे, त्यांची फट गेजनं लावायची. कार्बोरेटर धुवायचा. इंजिनातल्या झडपांचे टॅपेट जरा बघायचे. चाक हातानं फिरवायचं. बहुतेकांचे ब्रेक चिकटलेले असतात, गाडी ब्रेक ओढतच चालत असते, ते सोडवायचे. टायरमध्ये हवा कमी असते ती भरायची.

"प्रत्येक गाडीचं?"

"मग? मळक्या इंजिनात आपली वस्तू कोण घालेल?"

ताई आधी हसली. मग आई. लेथवाला तर टेबलावर डोकं टेकवून हसला. भाऊजी आमच्याकडे पाहत राहिले. त्यांना विनोद कळला नव्हता. नवे कपडे घालायचे तर पोराला आधी आंघोळ घालावी, इतकंच त्यांनी केलं होतं. वीस गाड्यांना, कारखानदारांची धरून एकवीस गाड्यांना, दोन दोन तास आंघोळ. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ते काम नव्हतंच. त्यांचं सगळं लक्ष दहा मिनिटांच्या त्या कड्यावर.

दुसरा कुणी इथं थांबला असता. भाऊजी सोमवारी आणखी दोन गाड्या शोधून आले. एकीला कडं न लावता नुसती ती आंघोळ घातली. दुसरीला मूळचा भोवरा बसवायचा, पातीसकट, आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही. हे दुसरं त्यांना फार जड गेलं. मी फटीतून पाहत होतो. मळलेला प्लग समोर, हातात चिंधी, आणि तीन वेळा हात पुढं जाऊन मागं आला. शेवटी त्यांनी चिंधी फटीतून माझ्याकडे ढकलली आणि म्हणाले, "तुझ्याकडे ठेव. इथं राहिली तर मी पुसणार."

शुक्रवारपर्यंत दोन्ही गाड्या पंपावर जाऊन आल्या. आंघोळ घातलेली दोननं वाढली. भोवरा लावलेली होती तिथंच.

त्या संध्याकाळी ताई माझ्याकडे आली. भाऊजी तिच्याशी काहीच बोलत नव्हते. तिला भीती सहीची नव्हती, त्या अबोल्याची होती. सही केली तरी ती समजून घेणार होती. बाराच्या बारा गाड्या वाढल्या हे काही खोटं नव्हतं, आणि बावीस वर्षांनी डबीवर नाव येणार होतं. तिनं मला विचारलं, तू काय केलं असतंस? मी म्हणालो, मी सही केली असती आणि रात्री झोपही लागली असती. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, म्हणून तर चार वर्षं मुली बघूनही तुझ्याशी कुणी लग्न केलं नाही.

शनिवारी कारखानदार कागद घेऊन आले. या वेळीही खुर्ची पुसली नाही. भाऊजींनी त्यांना सगळं सांगितलं, पोकळ कड्यांसकट, घाईकाकासकट. कारखानदार वाईट माणूस नव्हते. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्या गाडीला फरक पडला. तो खोटा?"

"फरक खरा आहे. तो भोवऱ्याचा नाही."

कारखानदार हसले. म्हणाले, मग तर सोपं आहे. डबीत एक कागद टाकू: बसवण्याआधी अमुक अमुक करून घ्यावे. तुम्ही आता म्हणालात तेवढंच लिहा. ज्याला फरक हवा तो करून घेईल. यात लबाडी कुठं आहे?

मला त्यांचं म्हणणं पटलं, हे मी लपवत नाही. भाऊजींनी मात्र पेन उचललं नाही. "मग डबीत भोवरा कशाला? कागदच विका."

"कागदासाठी कोण येणार, मिस्त्री?"

"तेच तर. लोक भोवऱ्यासाठी येतील, आणि कागद डबीतच राहील."  भाऊजींचा आवाज खाली आला. "डबीवर नाव माझं. पाच हजार डब्या उघडल्या जाणार. त्या पाच हजार गाड्यांचे ब्रेक सोडवायला मी जाणार आहे का? आणि मी गेलो नाही, तर त्या माणसाला मी काय विकलं?"

कारखानदारांनी कागद पुन्हा घडीत घातले. आणखी एकदा विचार करा, असं ते म्हणाले, आणि ते वाक्य त्यांनी मनापासून म्हटलं. भाऊजींनी मान हलवली, आणि ती नाहीची होती. तेवढ्यात ताईनं चपला घातल्या. मी विचारलं, कुठं निघालीस? ती म्हणाली, "शेडमालकांना सांगून येते. शेड ठेवतोय म्हणून." भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, आणि आठवड्यात पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले.

उरलेलं काम स्टँडवरचं होतं. भाऊजी स्वतः गेले आणि बसवलेली सगळी कडी फुकट काढून देतो म्हणाले. मला वाटलं होतं लोक चिडतील. चिडलेच, पण काढायला निघाले म्हणून. गाडी छान चाललीय, कशाला हात लावता? घाईकाकाला त्याचं कापलेलं कडं आतल्या पोकळीसकट दाखवलं, तर तो म्हणाला, तेच पुन्हा बसवा, मला पोकळच मानवतं. भाऊजींनी दोन दिवस घसा कोरडा केला. यात काही नाही, जे आहे ते दर दोन महिन्यांनी दोन तास गाडी माझ्याकडे उभी करण्यात आहे. यावर एकानं विचारलं, दोन तासांत नवीन काय बसवणार? काहीच नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग बघू.

दोन महिन्यांनी वीस टॅक्स्यांपैकी किती परत आल्या ते मी मोजलं. सात. घाईकाका त्यांत नव्हता. भाऊजींना सात पुष्कळ वाटल्या. ते आता ड्रायव्हरला शेजारी उभं करतात, प्लग त्याच्याच हातात देतात, चाक त्यालाच फिरवायला लावतात. सातातले तिघं तर टायरची हवा स्वतः बघू लागले आहेत. माझी काउंटरवरची फळी रिकामी होती ती ताईनं घेतली. तिथं आता हवेचे फिल्टर असतात, आणि ते विकले जातात हे मला मान्य केलं पाहिजे.

परवा दुपारी एक लांबलचक गाडी दारात थांबली. कारखानदारांची. आत फक्त ड्रायव्हर होता. साहेबांनी निरोप दिलाय, असं सांगून त्यानं तो शब्दशः म्हणून दाखवला, बहुतेक तसं बजावलं असणार. "मिस्त्री भोवरा न बसवता जे करतात, ते करून आण."

भाऊजींनी हात पुसले आणि ड्रायव्हरला खाली उतरायला सांगितलं. जॅक लावून मागचं चाक जमिनीपासून उचललं. "फिरव," ते म्हणाले.

ड्रायव्हरनं एका हातानं ढकललं, मग दोन्ही हातांनी. चाक अर्धा फेरा जाऊन थांबलं.